डेंग्यू सर्वेक्षण सल्लासेवा: मोजणी चोख, फेऱ्या ढिल्या

खानदेशात उन्हाळ्यात काही गावांत आठ-आठ दिवसांनी नळ येतो, म्हणून घरोघरी ड्रम-रांजण भरलेले. डेंग्यू सर्वेक्षणाची सेवा देणाऱ्या या सल्लागारांनी नेमकं तेच तपासलं. १०० घरांपैकी १२ घरांत डासांच्या अळ्या, अळ्या असलेली भांडी १९. म्हणजे गृह निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्यांची घरं) १२, ब्रेटो निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्यांची भांडी) १९. बरेच जण पहिल्यावरच थांबतात. टेमिफॉस (अळीनाशक) ५० टक्के, हजार लिटर पाण्याला २ मिली, हे मापही बरोबर. कूलरची टाकी आतून घासायला लावली, हे तर उत्तम: अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

गफलत वेळापत्रकात. तपासणीची फेरी पंधरा दिवसांनी? तोवर अंड्याचा डास होऊन उडालेला असतो! आठवड्यालाच हवी. रक्तनमुनेही सरसकट एनएस-१ला, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणाऱ्या चाचणीला. तापाच्या पाचव्या दिवसानंतर आयजीएम (शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं) बघावं लागतं. दर वाजवी आहेत. करारात ‘साप्ताहिक फेरी’ लिहून घ्या.