ट्यून केलेल्या टर्बोला कुठलं पेट्रोल: साधं, 95 की 100?

भाच्याने चाकणला बनलेली 2021 ची पोलो घेतली आहे, 1.0 टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनाची. गाडी हातात येऊन चार महिने झाले आणि त्याने रीमॅप करायचं ठरवलं. स्टेज वन, म्हणजे फक्त ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदलायचं, बाकी कशाला हात नाही. या सॉफ्टवेअरमधल्या सेटिंगलाच मॅप म्हणतात. मला फोन करून विचारलं, "मामा, 95 ऑक्टेनचं टाकत राहू की सरळ 100 वर जाऊ?" मी म्हटलं, "आधी हे सांग, मे महिन्यात दुपारी दोन वाजता खंबाटकी चढताना तुझ्या टाकीत काय असणार आहे?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शिरवळला जे मिळेल ते."

या उत्तरावरच सगळं ठरतं. पेट्रोल निवडताना लोक सगळ्यात भारी काय मिळतं ते बघतात. ट्यून केलेल्या गाडीसाठी उलटं बघायला हवं: वर्षभरात सगळ्यात वाईट दिवशी टाकीत काय पडणार आहे, आणि मॅप त्याच्यासाठी लिहिलेला आहे का.

आधी नॉकिंग म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत एका बाजूने पसरत जाते. टर्बोने हवा दाबून भरलेली असते, सिलिंडरमध्ये दाब आणि तापमान दोन्ही चढलेलं असतं. ज्योत पोचायच्या आधीच शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हे असं भडकणं पेट्रोल किती टाळू शकतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. ऑक्टेनमध्ये जास्तीची ताकद वगैरे काही नसते. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ईसीयूला ठिणगी योग्य वेळी टाकू देतं, एवढंच. नॉक सेन्सरला खडखड जाणवली की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. ताकद कमी होते, आणि उशिरा जळलेल्या वायूची उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोवर जाते. रीमॅप करणारा बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवतो, ठिणगीही थोडी पुढे घेतो, म्हणजे कारखान्याने ठेवलेली मोकळीक तो वापरून टाकतो. पोलोच्या या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) आधीच 10.5 आहे, कारखान्यातून 110 पीएस आणि 175 न्यूटन मीटर मिळतात. त्यावर आणखी चढवायचं म्हटलं की पेट्रोलला आळस परवडत नाही.

परदेशी ट्यूनरांच्या मॅपमध्ये एक घोटाळा हमखास होतो. अमेरिकेत पंपावर 91 किंवा 93 लिहिलेलं असतं ते आपलं 91 नव्हे. तिथे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन मापांची सरासरी लिहितात, आपल्याकडे फक्त आरओएन. त्यांचं 93 म्हणजे आपल्या हिशोबात साधारण 98, आणि आपलं 91 म्हणजे त्यांचं जेमतेम 87. "91 चा मॅप आहे, आपल्याकडे चालेल" असं कोणी म्हटलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: कुठलं 91?

आता पुण्यात काय मिळतं ते बघू.

एप्रिल 2020 मध्ये बीएस6 हे प्रदूषणाचे नियम आले, तेव्हा साधं पेट्रोल किमान 91 ऑक्टेनचं असायचं. त्यानंतर इथेनॉल वाढत गेलं. आता जे मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल आहे (म्हणून ई20; दहा टक्क्यांचं ते ई10), आणि त्यामुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन 95 पर्यंत पोचल्याचं सरकारने 2025 मध्ये सांगितलं. नुसत्या इथेनॉलचं ऑक्टेन 108 च्या वर असल्याने हे पटण्यासारखं आहे. शिवाय इथेनॉल वाफ होताना बरीच उष्णता शोषून घेतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनात ही थंडाई थेट सिलिंडरमध्ये मिळते. ट्यूनिंगवाल्या मंडळींमध्ये इथेनॉलला शिव्या घालायची पद्धत आहे, पण नॉकिंगपुरतं बोलायचं तर ते मित्र आहे.

अडचण दुसरीकडे येते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. तेवढीच हवा जाळायला ई20 जवळपास सात-आठ टक्के जास्त ओतावं लागतं. साध्या गाडीत हे मायलेजमध्ये दिसतं. ई10 साठी सेट केलेल्या गाड्यांचं मायलेज थोडं पडतं, आणि मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवून ई10 साठी सेट केलेल्या चारचाकींचं सहा-सात टक्क्यांनी पडू शकतं, हा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. ट्यून केलेल्या गाडीत मात्र हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर आधीच काठोकाठ चाललेले असतात. वरच्या आरपीएमला रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणारा पेट्रोलचा दाब) घसरलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे पुन्हा नॉकिंग. म्हणून ट्यूनरने मॅप ई20 वर तपासला आहे का, हे विचारणं ऑक्टेनइतकंच महत्त्वाचं आहे. ई20 ला टिकणारे रबर आणि पाइप असलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून सक्तीने आल्या. भाच्याची पोलो त्याआधीची, म्हणून तिचे फ्युएल पाइप मी दर सर्व्हिसला बघायला सांगितले आहेत.

दुसरा पर्याय 95. इंडियन ऑइलचं एक्सपी95, एचपीचं पॉवर 95. शहरात मोठ्या पंपांवर सहज मिळतं आणि साध्यापेक्षा लिटरला साधारण सात-आठ रुपये जास्त पडतात. ई20 मुळे साधंच 95 झालं असेल तर यासाठी पैसे का द्यायचे? भाच्यानेही हेच विचारलं, आणि साध्या, न छेडलेल्या गाडीसाठी मी देऊ नका असंच म्हणेन. ट्यून केलेल्या गाडीसाठी देतो, कारण इथे नळीवर आकडा लिहिलेला असतो. ट्यूनरला सांगायला आकडा लागतो, आणि साध्या नळीवर तो नसतो. यात डिटर्जंटही चांगलं असतं. ते इंजेक्टर साफ ठेवतं. इनटेक व्हॉल्व्हवरची काजळी मात्र त्याने जात नाही, कारण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवर पडतच नाही. "टाकी मारली आणि व्हॉल्व्ह स्वच्छ झाले" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नाव बघून फसू नका, आकडा बघा. भारत पेट्रोलियमचं नुसतं स्पीड हे मुख्यतः अ‍ॅडिटिव्ह घातलेलं पेट्रोल, आणि स्पीड 97 ही वेगळी चीज आहे. पंपावरचा मुलगा दोन्हीला "प्रीमियम" म्हणतो. त्याचा दोष नाही, आपणच आकडा सांगून मागायला हवा.

तिसरा पर्याय 100. इंडियन ऑइलचं एक्सपी100 डिसेंबर 2020 मध्ये आलं, मथुरा रिफायनरीत बनतं, आणि पहिल्या टप्प्यातल्या शहरांत पुणं होतं. एचपीचं पॉवर 99 त्याआधी 2017 मध्ये बंगळूरला सुरू झालं होतं. एक्सपी100 मध्ये इथेनॉल नाही. म्हणजे नॉकिंगला भरपूर जागा, आणि इंजेक्टरवरचा भारही कमी. इंधन म्हणून हे तिन्हींत सरस आहे, यात मला शंका नाही. पण शहरात मोजक्या पंपांवर मिळतं, आणि किंमत लिटरला 160 च्या घरात.

मी हे तिन्ही माझ्या ट्यून केलेल्या 1.8 टीएसआयमध्ये भरून बघितलं. पद्धत साधी होती. टाकी पाव राहीपर्यंत चालवायची, नवीन पेट्रोल भरायचं, पन्नासेक किलोमीटर शांतपणे चालवून ईसीयूला जुळवून घेऊ द्यायचं. मग पहाटे खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, 2,000 ते 4,000 आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. मी स्टिअरिंगवर, भाचा शेजारी ओबीडी डोंगलला (ईसीयूचे आकडे वाचणाऱ्या छोट्या यंत्राला) जोडलेला फोन धरून. चार सिलिंडरचे चार आकडे, ठिणगी किती अंश मागे घेतली ते दाखवणारे. साध्या ई20 वर तिसऱ्या सिलिंडरने पाच अंशांपर्यंत माघार घेतली. 95 वर तीन-साडेतीन. 100 वर चारही आकडे शून्य आणि एकाच्या मध्ये घुटमळत राहिले. भाचा म्हणाला, "मामा, हे तर हललंच नाही." खरंच हललं नाही. गाडी वरच्या आरपीएमला ओढत होती तेही सीटमध्ये जाणवत होतं. ही एका गाडीची गोष्ट आहे, तुमच्या गाडीत आकडे वेगळे येतील. पण तुमचे आकडे तुम्ही बघा, आवाजावर विसंबू नका. हल्लीच्या गाड्यांत काचा वर असल्या की खडखड ऐकू येण्याच्या आतच ईसीयूने माघार घेतलेली असते.

तीन अंशांपर्यंतची माघार अधूनमधून आली तर मला चिंता वाटत नाही. पाचच्या पुढे ती रोज दिसली, आणि तीही एकाच सिलिंडरवर, तर मॅप इंधनाला जड जातोय असं समजा आणि ट्यूनरकडे परत जा. उन्हाळ्यात चाळिशीच्या आसपासच्या तापमानात, सिंहगड रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास तापलेला इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) घेऊन तुम्ही लॉग केला, म्हणजे हे आकडे नोंदवले, तर आकडे आणखी वाईट दिसतील. लॉग त्याच दिवशी करा. हिवाळ्यातल्या पहाटेचा सुंदर लॉग काही सिद्ध करत नाही.

आता पैसे. महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला बारा धरा, 83 लिटर लागतात. 95 चा फरक महिन्याला साडेसहाशे, वर्षाला आठ हजार. 100 मध्ये इथेनॉल नसल्याने मायलेज सहा-सात टक्क्यांनी सुधारलं असं उदारपणे धरलं तरी 78 लिटर लागतील, आणि साध्यापेक्षा महिन्याला पावणेचार हजारांच्या पुढे जास्त जातील. वर्षाला पंचेचाळीस हजारांवर. तेवढ्यात टायरचे दोन-तीन सेट किंवा चांगला इंटरकूलर येतो, आणि मोठ्या इंटरकूलरचा नॉकिंगवर होणारा फायदा प्रत्येक टाकीला मिळत राहतो.

मला 100 बद्दल सगळ्यात जास्त काळजी पैशाची नाही, सवयीची वाटते. 100 चा मॅप घालून फिरणारा माणूस ताम्हिणी उतरून कोकणात गेला की काय करणार? दोन वर्षांपूर्वी माझं असंच झालं. माझ्याकडे तेव्हा 100 साठीचा मॅप होता. परतताना महामार्गावरच्या एका पंपावर मी 95 मागितलं, मीटरवर लक्ष ठेवलं नाही, आणि साधं भरलं गेलं. त्यात पाणी किंवा गाळ काहीतरी होतं. घाटाच्या पायथ्याशी इंजिन अडखळायला लागलं, चेक लाइट लागला, मी बूस्ट न वापरता सगळा चढ दुसऱ्या गिअरमध्ये काढला. प्लग आणि फिल्टर बदलून निभावलं, पिस्टन वाचला. 95 चा मॅप असता तर लाइटच लागला असता कदाचित, पण चढताना माझ्या पोटात गोळा आला नसता. तेव्हापासून मीटर शून्यावर बघणं, नळीवरचा आकडा वाचणं आणि शंका आली तर फिल्टर पेपर (त्यावर पेट्रोलचा थेंब टाकून भेसळ बघतात) मागणं हे तिन्ही करतो. फिल्टर पेपर आणि घनता तपासून बघण्याचा ग्राहकाला हक्क आहे. घनतेवरून ऑक्टेन मात्र कळत नाही.

बाटलीतलं ऑक्टेन बूस्टर? नको. त्यावर लिहिलेले "पॉइंट" म्हणजे ऑक्टेनचे दशांश असतात. तीस पॉइंट म्हणजे तीन. अनेकांत मँगनीजचं संयुग असतं, प्लगवर केशरी थर बसतो, ऑक्सिजन सेन्सरला त्रास होतो. 95 आणि 100 निम्मं-निम्मं मिसळणं त्यापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ, ऑक्टेन साधारण मधोमध येतं. ट्रॅक डेला जाताना मी हेच करतो.

एक गोष्ट पेट्रोलने सुटत नाही. चांदणी चौकाच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दाबलं, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि ते पिस्टन फोडतं. 100 टाकूनही धोका पूर्ण जात नाही. गिअर उतरवा आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं वापरा, त्यात यासाठीच बदल केलेले आहेत.

मग कोणी काय घ्यायचं? गाडी कारखान्यातल्या मॅपवर असेल तर झाकणाच्या आत लिहिलेला आकडा वाचा, साधं पुरत असेल तर साधं भरा. रीमॅप करून रोज हिंजवडी आणि महिन्यातून एकदा सातारा-कोल्हापूर असा वापर असेल तर 95 भरा, मॅपही 95 आणि ई20 वर तपासलेलाच घ्या. दुसरी गाडी असेल, ही फक्त रविवारी निघत असेल, पावसाळ्यात महिना-महिना उभी राहत असेल, आणि 100 चा पंप घराजवळ असेल, तर 100 जरूर घ्या. बिनइथेनॉल पेट्रोल उभ्या गाडीत ओलावा धरत नाही, हा त्याचा वेगळा फायदा. दोन मॅप ठेवून बदलायची सोय ट्यूनर देत असेल तर ती घ्या, पण गाडी रोज 95 च्याच मॅपवर असू द्या आणि 100 चा मॅप टाकीत 100 असल्याची खात्री झाल्यावरच लावा.

भाच्याने 95 चा मॅप करून घेतला. वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. तुमची चालू असेल तर रीमॅपनंतर इंजिनावरची वॉरंटी गेली असंच धरून चाला. ट्यूनरने त्याला आणखी थोडी ताकद काढून देतो म्हणून सांगितलं होतं, 100 भरलंस तर. तो नको म्हणाला. गेल्या रविवारी दुपारी, ऊन असताना, आम्ही पुन्हा खंबाटकीला गेलो. टाकीत 95, बाहेर 38 अंश. तीन सिलिंडरच्या गाडीत तीनच आकडे. सगळ्यात वाईट अडीच.