कोप्राशचे 60 एट्यूड: फ्रेंच हॉर्नवर आठ महिने वाजवल्यानंतर

जुलैत कोल्हापुरातल्या राजारामपुरीतनं प्रिंट काढून, स्पायरल मारून आणलेलं हे एट्यूडचं, म्हणजे सरावाच्या तुकड्यांचं पुस्तक, आता पानं सुटायला लागलीत म्हणून अनुभव लिहितोय. जॉर्ज कोप्राश हे जर्मन हॉर्नवादक, पुस्तक 1830च्या दशकातलं, कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळं फुकट मिळतं. गाणं शिकलेल्यांनी पलटे समजा, स्केल आणि आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक) नाना तऱ्हेनं फिरवलेले.

मी आधी बँडात ट्रम्पेट वाजवायचो, वाटलं बोटं पळतात म्हणजे झालं. खरं हॉर्नची एफची नळी जवळजवळ बारा फूट, वरच्या पट्टीत स्वर इतके चिकटून बसलेत की ओठ जरा ढिला पडला की तेच बोट ठेवूनही शेजारचा स्वर निघतो. पहिले दोन महिने मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 100 ठोक्यांवर ठेवून तास-तास सलग वाजवलं, ओठ सुजायचे आणि दुसऱ्या दिवशी वरचा जी हा स्वर लागायचाच नाही. शेजारचे काका, जुने तालमीतले, एकदा ऐकत बसले आणि म्हणाले, "जोर रोज काढतोस खरं, अंगाला आराम कधी देतोस?" तेव्हापासनं एक ओळ 60 वर, मग माऊथपीस ओठावरनं काढून तीच ओळ नुसती बोटांनी आणि मनात गाऊन, मग परत. महिन्याभरात वरचा जी रोज लागायला लागला.

हे एट्यूड मुळात खालचे स्वर वाजवणाऱ्या हॉर्नवाल्यांसाठी लिहिलेत, त्यामुळं मंद्रात लई काम होतं. अल्लादिया खाँसाहेब जिथं दरबार गायक होते त्या गावात खर्जाचं महत्त्व मी काय सांगू! खालचा सूर भरला तसा माझा वरचाही गोल झाला, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

दुसरा फायदा ट्रान्सपोझिशनचा, म्हणजे लिहिलेलं दुसऱ्या पट्टीत उतरवून वाजवायचा. वाल्वचं (बोटानं दाबून नळीची लांबी बदलायची कळ) पेटंट 1818 चं, त्याआधी पट्टी बदलायची तर नळीचा तुकडाच बदलायला लागायचा, म्हणून बीथोवनचे हॉर्नचे पार्ट आजही ई फ्लॅट, डी अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत छापलेले असतात आणि आपण एफ हॉर्नवर वाचताना मनातच उतरवायचं. त्यासाठी एकच एट्यूड आधी लिहिलाय तसा, मग ई फ्लॅटचा समजून एक पूर्ण स्वर खाली, मग डीचा समजून दीड स्वर खाली. डोकं भणभणतं पहिल्यांदा, सोडू नका.

उणीव एकच, पण मोठी: मन रमेल अशी चाल कमी. नुसतं हेच वाजवलं तर वाजवणं कोरडं होतं. मी जोडीला गॅले ह्या फ्रेंच हॉर्नवादकाचे प्रील्यूड (छोटे तुकडे) घेतले, त्यातले बरेच बिनतालाचे आहेत, आलापासारखे श्वास घेत वाजवायचे, आणि दिवसाचा शेवट त्यांनीच करतो.

पहिल्या भागाचे 34 झालेत, 35वा कालच उघडला. आज नवीन प्रिंट काढतोय, ह्या वेळी जाड कागदावर.