सिमेंट ब्लॉकच्या भिंतीवर जिप्सम बोर्ड : नाशिकमधील कामाचा अनुभव
पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या घरात सिमेंट ब्लॉकच्या भिंतींवर प्लास्टरऐवजी जीआय चॅनेलचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा) सांगाडा उभारून १२.५ मिमी जाडीचे जिप्सम बोर्ड, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेले जिप्समचे तयार तक्ते, बसवून घेतले. ओळंबा लावताच एका भिंतीत बोटभर फरक निघाला. तो कारागिरांनी सांगाडा भिंतीला धरणारे ब्रॅकेट पुढेमागे सरकवून इतका नेमका जिरवला, की आज सहा फुटी पट्टी लावली तरी फट दिसत नाही. वायरिंगही झिरी न मारता आतून गेले. मात्र पश्चिमेच्या भिंतीला ओल येते हे सांगूनही ठेकेदाराने बाहेरच्या वॉटरप्रूफिंगआधीच बोर्ड चढवले आणि श्रावणात खालच्या सांध्याचा कागद फुगला. बोर्ड विनामूल्य बदलून मिळाले, तरी ती घाई मला पटली नाही. टीव्हीचे वजन पेलण्यासाठी त्या जागी बोर्डाच्या आत प्लायवूड आधीच घालून घ्यावे.