समुद्राकाठच्या घरात ॲल्युमिनियमच्या खिडक्या: २१ महिन्यांनंतर

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे. जुन्या लाकडी चौकटी वाळवीने पोखरल्या, म्हणून ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या. त्याला आता २१ महिने आणि दोन पावसाळे झाले. "ॲल्युमिनियम गंजत नाही," असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं. तांबडा गंज चढत नाही हे खरं, पण खारं वारं त्यालाही खातं. किती खाणार, ते वरच्या फिनिशवर, म्हणजे पृष्ठभागावर काय प्रक्रिया केली आहे त्यावर असतं.

आमच्याकडे तिन्ही प्रकार आहेत. पडवीला ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने वरचा ऑक्साइडचा थर जाड केलेलं), मागच्या खोल्यांना तपकिरी पावडर कोटिंग (रंगाची पूड चिकटवून भट्टीत भाजलेला थर) आणि पैसे वाचवायला न्हाणीघर नि कोठीला साधं मिल फिनिश, म्हणजे कोणतीही प्रक्रिया न केलेलं. सेक्शन, म्हणजे चौकटीच्या पट्ट्या, सगळीकडे ६०६३ नंबरच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचेच.

मिल फिनिशवर पहिल्याच पावसाळ्यात पांढरी पूड धरली. पुसली तर खाली टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. ॲल्युमिनियमवर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो आणि मिठातलं क्लोराइड तो ठिकठिकाणी फोडतं. दुसऱ्या वर्षी मात्र खड्डे फारसे वाढले नाहीत. खिडकी मजबूत आहे, फक्त बघवत नाही.

कोठीचं एक शटर मी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं होतं, दुसरं शेवटी ४०० नंबरने. ८० नंबरने घासलेल्या खरखरीत शटरच्या चरांत मीठ आणि ओल अडकून राहिली नि डाग तिथेच आधी आले. न्हाणीघराची खिडकी कामाच्या माणसाने लोखंडी तारेच्या घासणीने चकचकीत केली. महिनाभरात तपकिरी ठिपके उठले आणि प्रत्येक ठिपक्याभोवती खड्डा. घासणीचे लोखंडी कण पृष्ठभागात रुतले की त्यांच्याशेजारचं ॲल्युमिनियम आधी झिजतं. ही घासणी कृपा करून लावू नका.

पडवीच्या खिडक्यांवर मी समाधानी आहे. ॲनोडायझिंगचा थर बाहेरून फासलेला नसतो, धातूतूनच वाढवलेला असतो, त्यामुळे पोपडे निघत नाहीत. किनाऱ्यासाठी थराची जाडी २५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मागितली होती आणि बिलावरही तेच लिहिलंय. नंतर एका मित्राने थर मोजायचं मीटर लावून पाहिलं तर १२ ते १४ भरले. याचा राग अजून गेलेला नाही. तरीही, जिथे पावसाची झड लागते तो भाग आजही नवा दिसतो. डाग आलेत ते वरच्या पट्टीवर, पागोळ्यांच्या आत, जिथे पाऊस पोचतच नाही. मी आधी उलट समजत होतो. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते साचत राहतं. आता दर पंधरा दिवसांनी विहिरीच्या गोड्या पाण्याने ती पट्टी धुतो.

गिलावा करताना उडालेल्या सिमेंटचे डाग मात्र कायमचे राहिले. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, ते हा थरच विरघळवतं. गवंडीकाम उरलं असेल तर सेक्शनवरची प्लास्टिकची फिल्म काढू देऊ नका.

पावडर कोटिंगने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. समोरून पाहिलं तर खोट काढायला जागा नाही. पण कोपऱ्यात जिथे सेक्शन ४५ अंशांत कापलेत आणि जिथे स्क्रूसाठी भोकं पाडलीत, तिथून कोटिंगखाली केसासारख्या वळणावळणाच्या रेषा निघाल्यात. याला फिलिफॉर्म गंज म्हणतात. उघड्या कडेतून मीठ-ओल आत शिरते आणि कोटिंग उचलत पुढे सरकते. कोटिंगआधी धातू रसायनाने नीट साफ करून त्यावर अस्तर चढवलेलं नसेल, तर तिला अडवणारं काही उरत नाही. शिवाय खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने झिंकचा मुलामा असलेले लोखंडी स्क्रू वापरले होते. मुलामा झिजला, स्क्रू गंजले आणि भोकांभोवती फोड आले. ते सगळे काढून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे बसवले, खाली नायलॉनचे वॉशर घातले. त्यानंतर नवा फोड आलेला नाही.

कोठीची खिडकी दिवाळीनंतर बदलतोय. या वेळी ॲनोडाइज्डच, थर माझ्यासमोर मोजून घेणार. सीलिंग, म्हणजे ॲनोडाइज्ड थराची बारीक छिद्रं नीट बंद केलीत का, हे तपासायला कोपऱ्यावर रंगाचा थेंबही टाकून बघणार. पुसल्यावर डाग राहिला, तर माल परत.