टायमिंग बेल्टचा पूर्ण संच: वापरलेल्या डिझेल गाडीच्या मालकाचे परीक्षण

टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली आणि इंजिन थंड ठेवणारा द्रव फिरवणारा वॉटर पंप हे सगळे भाग एकाच खोक्यात मिळणाऱ्या संचाचे आणि तो बसवून घेण्याच्या कामाचे हे परीक्षण आहे. माझी गाडी वापरलेली असून तिच्यात रेनोचे १.५ लिटरचे डीसीआय, म्हणजे के९के मालिकेतले डिझेल इंजिन आहे. हेच इंजिन निसान आणि डाचिया यांच्या गाड्यांतही मोठ्या प्रमाणावर बसवले गेले, त्यामुळे पुढचे बरेचसे विवेचन त्या गाड्यांच्या मालकांनाही लागू पडेल. संच कोणत्या कंपनीचा आहे हे मी मुद्दाम सांगत नाही. गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको, आयएनए आणि एसकेएफ या सगळ्याच कंपन्या असे संच बनवतात, त्यांतल्या भागांची यादी बरीचशी सारखी असते, आणि वापरलेली गाडी घेणाऱ्याला कोणाचा संच घ्यावा यापेक्षा तो केव्हा घ्यावा हा प्रश्न अधिक छळतो. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: बेल्ट बदलल्याचा लेखी पुरावा नसेल, तर ओडोमीटर काहीही दाखवत असला तरी संच ताबडतोब घ्यावा, आणि तो पंपासह घ्यावा.

पिस्टनच्या जोरावर फिरणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांची गती एकमेकांशी जुळती ठेवणे हे बेल्टचे काम. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि दर वेळी पिस्टन वर पोहोचण्याआधी त्याला वाट मोकळी करून द्यावी लागते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवरच इंधन पेटवायचे असते. त्यासाठी कॉम्प्रेशन गुणोत्तर, म्हणजे हवा किती पट दाबायची तो आकडा, साधारण १५ ते १८ इतके ठेवलेले असते, आणि पिस्टन वर आल्यावर त्याच्या व सिलिंडर हेडच्या मध्ये अगदीच थोडी जागा उरते. बेल्ट तुटला किंवा त्याचे काही दात उडाले की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र वेगात वर येत राहतो आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात. काही पेट्रोल इंजिनांत बेल्ट तुटूनही आतले भाग एकमेकांवर आदळत नाहीत. डिझेलमध्ये तशी आशा धरण्यात अर्थ नाही. नुकसान व्हॉल्व्हपुरते राहिले की पिस्टनपर्यंत गेले, हे पाहण्यासाठीसुद्धा हेड उतरवावे लागते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत हा खर्च कित्येकदा गाडीच्या उरलेल्या किमतीशी बरोबरी करतो.

बदलण्याच्या मुदतीचा एकच आकडा सगळ्या डिझेल गाड्यांना लागू पडत नाही, आणि जो कोणी तसा आकडा छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विसंबू नये. प्यूजो-सिट्रोएनच्या १.६ एचडीआय इंजिनासाठी युरोपात सामान्य वापराची मुदत २,४०,००० किलोमीटर किंवा १० वर्षे अशी दिलेली आढळते, तर कित्येक जुन्या इंजिनांना याच्या निम्म्याहून कमी अंतर दिलेले असते. फोक्सवॅगनच्या पंप-ड्यूझ प्रकारच्या, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा पंप असलेल्या टीडीआय डिझेल इंजिनांत इंजेक्टरमधला सुमारे २,००० बारचा दाब कॅमशाफ्टच निर्माण करतो, त्यामुळे बेल्टवर येणारा भार आधीच्या इंजिनांपेक्षा पुष्कळ वाढला आणि बेल्ट ३० मिलिमीटर रुंद करावा लागला. के९केची मुदतसुद्धा उत्पादनाचे वर्ष आणि बाजारपेठ यांप्रमाणे बदलत गेली आहे. म्हणून आपल्याच गाडीच्या पुस्तिकेतला आकडा घ्यावा, पुस्तिका नसेल तर चासी क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्राकडून तो मिळवावा, आणि धुळीच्या किंवा अतिउष्ण वातावरणातल्या वापरासाठी त्यात कमी मुदत दिली असेल तर तीच आपली मानावी.

बहुतेक पुस्तिकांत मुदत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेली असते व दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. लोक किलोमीटर लक्षात ठेवतात आणि वर्षे विसरतात. वापरलेल्या गाडीत ही चूक विशेष महागात पडते, कारण ‘गाडी फारशी चाललेलीच नाही’ हे वाक्य विक्रेता गुण म्हणून सांगत असतो. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. दुसरे असे की ओडोमीटर इंजिनाचे उभ्याउभ्या चाललेले तास मोजत नाही. इंजिन ८०० फेऱ्यांवर तासभर नुसते चालू राहिले तर क्रँकशाफ्टचे ४८,००० फेरे होतात, बेल्टही तेवढ्या वेळ पुलींवरून वाकत आणि सरळ होत राहतो, पण किलोमीटरच्या नोंदीत शून्याचीच भर पडते. गर्दीतून रोज रांगत जाणारी किंवा माल चढवताना इंजिन चालूच ठेवणारी गाडी कागदावर कमी चाललेली दिसते ती अशी. ओडोमीटर मागे फिरवण्याचा प्रकार तर वेगळाच.

पुरावा कशाला म्हणायचे, याविषयी मी काटेकोर आहे. तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर आणि सुट्या भागांचे क्रमांक असलेले बिल हा पुरावा. बॉनेटखाली किंवा बेल्टच्या झाकणावर बसवणाऱ्याने लावलेले स्टिकर हा दुय्यम पुरावा. सर्व्हिस पुस्तिकेवरचा नुसता शिक्का या कामापुरता काहीच सिद्ध करत नाही. टोयोटाच्या १केडी आणि २केडी डिझेल इंजिनांच्या गाड्यांत ठरलेल्या अंतरानंतर डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो. हा दिवा फक्त अंतर मोजतो, बेल्टची अवस्था त्याला कळत नाही, आणि बेल्ट न बदलताही तो रीसेट करता येतो. तेव्हा दिवा विझलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

‘झाकण उघडून बघू, भेगा नसतील तर चालेल’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. जुन्या काळच्या क्लोरोप्रीन रबराच्या बेल्टला तो काही अंशी लागू होता, कारण ते रबर कडक होऊन त्यावर भेगा दिसू लागत. आजचे बेल्ट मुख्यतः हायड्रोजनेटेड नायट्राइल रबराचे असतात, त्यांच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि दातांवर नायलॉनचे कापड चढवलेले असते. असा बेल्ट मुदत संपल्यानंतरही वरून चांगला दिसू शकतो, कारण झीज दातांच्या मुळाशी आणि आतल्या दोऱ्यांत होते. उलट बाजूने मात्र पाहणी नक्की उपयोगाची आहे: दातांचे कापड विरलेले असेल, कड उसवलेली असेल, बेल्टवर ऑइल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आलेले असेल, तर मुदत कितीही शिल्लक असो, तो बदलायचा, आणि गळती जिथून होते ते सीलही त्याच वेळी बदलायचे.

आता संचाकडे वळू. मी पहिल्यांदा ज्या गॅरेजमध्ये चौकशी केली तिथे नुसता बेल्ट बदलण्याचा आग्रह होता. पंप आवाज करत नाही, मग कशाला, असा युक्तिवाद. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, आणि इंधन जास्त दाबाने पुढे पाठवणाऱ्या हाय प्रेशर पंपाला गतीही याच बेल्टकडून मिळते. वॉटर पंपाची बेअरिंग जाम झाली तर नवा कोरा बेल्टही दात गमावतो. ती सैल होऊन पुली तिरकी झाली तर बेल्ट कडेला घासत राहतो. पंपाचे सील गळले तर कूलंट बेल्टवर येते. टेन्शनरची स्प्रिंग आणि बेअरिंग बेल्टइतकीच वर्षे राबलेली असते. शिवाय खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो आणि आज नुसता बेल्ट व पुढे कधी पंप बदलायचा म्हटले तर ती दोन्ही वेळा जवळपास तेवढीच पडते, कारण पंपापर्यंत पोहोचायला तेच चाक, इंजिन धरून ठेवणारे तेच माउंटिंग आणि तीच झाकणे काढावी लागतात. ते गॅरेज मी सोडले.

खोक्यातल्या भागांचा दर्जा समाधानकारक होता. टेन्शनर आणि आयडलर हाताने फिरवले असता खरखर नव्हती, पंपाची पुली डुगडुगत नव्हती, बेल्टच्या पाठीवर भाग क्रमांक आणि फिरण्याची दिशा स्पष्ट छापलेली होती, आणि खोक्यावरचा कोड स्कॅन करून माल अस्सल असल्याची खात्री करता आली. नकली बेअरिंग आणि बेल्ट बाजारात असतात, त्यामुळे ही शेवटची सोय मला सगळ्यांत मोलाची वाटली. बेल्ट घडी न घालता, सैल वेटोळ्यात ठेवलेला होता. हे बारीक वाटेल, पण बेल्ट दुमडला, पिळला किंवा उलटा केला तर आतले काचतंतू मोडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुकानात खिळ्याला टांगलेला किंवा रबरबँडने आवळलेला बेल्ट म्हणूनच घेऊ नये.

उणिवा दोन. क्रँकशाफ्ट पुलीचा नवा बोल्ट खोक्यात नव्हता. हा बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंशांनी आवळायचा असतो, त्यात तो ताणला जातो आणि पुन्हा वापरायचा नसतो; वेगळा मागवेपर्यंत काम अडले. दुसरी उणीव बाहेरच्या बेल्टची, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या ऑक्झिलरी बेल्टची. तो या संचात नसतो आणि कोणी त्याची आठवणही करून देत नाही. वास्तविक त्या बेल्टचे धागे सुटून क्रँक पुलीमागून टायमिंगच्या झाकणात ओढले गेल्यामुळे चांगला टायमिंग बेल्ट दात सोडतो, हा या रचनेच्या इंजिनांतला माहीत असलेला धोका आहे. संच बनवणाऱ्यांनी त्याचा उल्लेख निदान माहितीपत्रकात करायला हवा होता. त्या पत्रकाबद्दल फार लिहावे असे काही नाही: भाषा अनेक, चित्रे नखाएवढी.

बसवण्याचे काम ज्यांनी केले त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. त्यांनी इंजिनाला खालून आधार देऊन माउंटिंग सोडले, क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट त्यांच्या ठरलेल्या पिना घालून लॉक केले आणि मगच जुना बेल्ट काढला. रंगाच्या खुणा करून बेल्ट बदलणारे पुष्कळ आहेत, परंतु खुणांची पद्धत जुना बेल्ट बरोबर बसलेला होता असे गृहीत धरते, आणि वापरलेल्या गाडीत तेवढे गृहीत धरण्याची सोय नसते. नवा बेल्ट स्क्रूड्रायव्हरने ढकलून न चढवता हाताने बसवला, इंजिन थंड असताना टेन्शनरचा काटा खुणेवर आणला, पिना काढून क्रँकशाफ्ट पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, आणि पिना पुन्हा सहज आत जातात हे मला दाखवून मगच इंजिन चालू केले. शेवटी नवे कूलंट भरून हवा काढली. घाईतल्या गॅरेजमध्ये दोन फेऱ्यांची तपासणी हमखास गाळली जाते, म्हणून काम देण्याआधीच त्याबद्दल विचारावे. उत्तर टाळाटाळीचे आले तर दुसरे गॅरेज शोधावे.

दोन प्रकारच्या गाड्यांना यातले बरेचसे लागू नाही. फियाटच्या १.३ मल्टिजेटसारख्या इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. तिला ठरावीक मुदत नसली तरी ऑइल वेळेवर न बदलल्यास ती लांबते आणि थंड इंजिनावर खडखडते. फोर्डच्या २.० इकोब्लूसारख्या इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे चुकीचे किंवा जुने ऑइल बेल्टचे रबर खाते आणि त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, त्यामुळे तशी वापरलेली गाडी घेताना ऑइलची बिले बेल्टच्या बिलाइतकीच बारकाईने पाहावीत.

जुना बेल्ट, टेन्शनर आणि पंप मी परत मागून घेतले. पंपाची बेअरिंग हाताने फिरवताना मध्येच अडखळत होती आणि सीलजवळ वाळलेल्या कूलंटचा पांढरा थर होता. ‘आवाज नाही’ म्हणून जो पंप ठेवायचा होता, तो हाच. गाडीचा सौदा अजून व्हायचा असेल, तर पूर्ण संच, ऑक्झिलरी बेल्ट, क्रँक बोल्ट, कूलंट आणि मजुरी यांची लेखी बेरीज एखाद्या गॅरेजकडून आधी घ्यावी आणि बिल दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्यापुढे ती ठेवून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगावे.