ग्रो लाईट घ्यावी का? घरातली मिरची आणि गच्चीवरची मिरची, दोन्ही खाऊन सांगतोय

ग्रो लाईट म्हणजे घरात उन्हाऐवजी झाडांना उजेड देणारा दिवा. ऑनलाईन मागवलेला ग्रो लाईट आणि तंबूचा सेट वर्षभर वापरून झालाय. कोल्हापुरात राजारामपुरीत घरातल्या एका कोपऱ्यात हा तंबू आणि वर गच्चीवर कुंड्या, दोन्हीकडं एकाच पुडीतलं ज्वाला मिरचीचं बी, माती सेम, शेणखत सेम. आधीच सांगून टाकतो, रोपं करायला आणि पावसाळा काढायला लाईट एक नंबर आहे, पण खायच्या मिरचीला गच्चीच पाहिजे.

सेटमध्ये आतून चकचकीत कापडाचा दोन बाय दोन फुटी तंबू, एलईडी पॅनेल, छोटा एक्झॉस्ट फॅन आणि टायमर येतो. तंबूची चेन, शिलाई सगळं मजबूत. पण खोक्यावर 1000 वॅट छापलंय आणि प्लगला मीटर लावून बघितलं तर 100 च्या आसपास वीज ओढतंय. बऱ्याच कंपन्या असंच करतात, जुन्या दिव्यांशी तुलना करून आकडा फुगवायचा, पण ही गिऱ्हाईकाची फसवणूकच झाली की, त्याचा एक स्टार कापला. घेताना दुकानदाराला एवढंच विचारा की प्रत्यक्षात किती वॅट ओढते, आणि उत्तर नीट आलं नाही तर पुढं चला.

दुसरा स्टार सोबतच्या कागदाचा. त्यात लिहिलंय आधी 18 तास लाईट, मग फुलं यायला 12 तास लाईट आणि 12 तास पूर्ण अंधार. हे वेळापत्रक गांजाचं आहे! कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे, असल्या तंबू-लाईटचा बाजार बराचसा त्या झाडावरच वाढला, त्यामुळं युट्यूबवर इनडोअर भारी का आउटडोअर असं टाकलं की सगळे तेच व्हिडिओ येतात. आपल्याकडं 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानं कुंडीत एक झाड लावलं तरी गुन्हा आहे, त्यामुळं तो विषयच नाही. पण तो कागद वाचून कुणी मिरचीला अंधारात ठेवू नये म्हणून लिहितोय. गांजाचं झाड रात्र मोठी झाली की फुलावर येतं, मिरचीला त्याचं काही नसतं, ती वाढ झाली की आपोआप फुलते. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत 14 तासच ठेवले आणि फुलं भरपूर आली.

आता लाईटचं खरं कौतुक रोपांचं. खिडकीत ठेवलेली रोपं उजेडाकडं वाकून लांबच लांब बारीक होतात आणि कुंडीत लावली की आडवी पडतात, ते इथं अजिबात झालं नाही, ठेंगणी, जाड देठाची, पान गर्द हिरवं. आणि आपला पाऊस माहितीच आहे, जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नाही, गच्चीवरच्या कुंड्यांत पाणी साचून दोन झाडं मुळातून कुजली, राहिलेल्यांची फुलं गळून गेली. तंबूतली तेव्हा निवांत फुलत होती. फक्त आत वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून रोज फांद्या हळूच टिचकीनं हलवायला लागतात म्हणजे पराग पडतो आणि मिरची धरते.

किडीचं मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. गच्चीवर उन्हाळ्यात फुलकिडे आले, पानं वर वळून चुरडा-मुरडा झाला, निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेलावर भागवलं. तंबूत फुलकिडे नव्हते पण मावा एकदा शिरला तो हटेचना, कारण बाहेर त्याला खाणारे ढालकिडे असतात, आत कोण खाणार? पानाच्या खालच्या बाजूला बोटानं पुसून पुसून काढला.

वीज म्हणाल तर 100 वॅट, 14 तास, दिवसाला 1.4 युनिट, महिन्याला 42 च्या घरात. ज्यांचं बिल 100 युनिटच्या काठावर असतंय त्यांनी हे आधी बघा, कारण 100 च्या पुढच्या युनिटांना दर चढा लागतो आणि मग घरातल्या मिरचीपेक्षा लक्ष्मीपुरी मार्केटातनं आणलेली स्वस्त पडते.

आता मेन मुद्दा, चव. दोन्हीकडची हिरवी मिरची एकाच दिवशी तोडली आणि आईला वेगवेगळा खर्डा करायला सांगितला, लसूण, मीठ, शेंगदाणे मापात. तंबूतली मिरची दिसायला देखणी, सरळ, लांब, साल पातळ, तव्यावर पटकन भाजली पण ठसका उठला नाही. गच्चीवरची आखूड, थोडी वाकडी, उभी चिरली तर आत बिया धरून असतो तो पांढरा पडदा जाड आणि चिरता चिरताच नाकाला झोंबली. तिखटपणा त्या पडद्यातच तयार होतो, बियांत नाही. भाकरीबरोबर गच्चीवरचा खर्डा संपला, दुसरा संध्याकाळपर्यंत वाटीत राहिला. भर उन्हाळ्यात दुपारच्या उन्हात जेवढा प्रकाश असतो त्याच्या जवळपासही हे 100 वॅटचं पॅनेल जात नाही, आणि कडक ऊन, पाण्याची थोडी ओढ हे मिरचीनं सोसलं की तिखट चढतं असा आमच्या गावाकडच्या शेतकऱ्यांचाही अनुभव आहे. ज्यांना खर्डा खायचाय त्यांना सपक मिरची देऊन काय उपयोग राव.

त्यामुळं माझं आता ठरलंय, जानेवारीत लाईटखाली रोपं करायची, फेब्रुवारीत गच्चीवर न्यायची, पहिले चार-पाच दिवस जुन्या साडीच्या सावलीत ठेवायची नाहीतर पानं करपतात, आणि झड लागली की चांगली दोन झाडं छाटून परत तंबूत. चटणीसाठी लाल मिरची यातनं होईल अशी आशा ठेवू नका, ती बेडगी आणि संकेश्वरी आणून डंकावरच कुटायची. ज्यांना गच्ची नाही, नुसती उत्तरेची बाल्कनी आहे, त्यांनी जरूर घ्या. गच्ची असेल आणि रोपं नर्सरीतनं आणत असाल तर पैसे घालू नका. पाचपैकी तीन.