माझ्या रिपोर्टातली दुसरी ओव्हरी

मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. म्हणजे पावतीशिवाय पैसे देऊ नयेत हे मला तरी कळायला हवं होतं. ते आधीच कबूल करून टाकते.

डॉक्टर मॅडमनी एनटी स्कॅनची, म्हणजे गरोदरपणात सुरुवातीला करतात त्या सोनोग्राफीची, चिठ्ठी दिली. नेहमीच्या सेंटरला आठ दिवसांनंतरचा नंबर मिळत होता. नवऱ्याच्या मित्राने एक ठिकाण सुचवलं: तीन सोनोग्राफ्यांचं पॅकेज ४,५०० रुपयांत, रविवारीही चालू. गेलो. आधार कार्ड मागितलं नाही, चिठ्ठी बघितली नाही, सही कुठेच नाही. पैसे रोख, ‘पावती शेवटी एकदम देऊ’. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, किती सुटसुटीत!

आत टेबलावर लॅपटॉपएवढं मशीन. टी-शर्टातल्या माणसाने पोटावर जेल लावलं, प्रोब इकडून तिकडे दोनदा फिरवला आणि ठोके ऐकवले. ठोके ऐकले की बाई विरघळतेच, मग पुढचं काही सुचत नाही. डॉक्टर कुठेत विचारलं तर म्हणाला, “सर रिपोर्ट बघतात, मशीन मीच चालवतो.” पाच-सहा मिनिटांत कारभार उरकला. निघताना दाराशी हळूच, “पेढा की बर्फी ते पाचव्या महिन्यात सांगू, त्याचं वेगळं बघू.” सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी थिजले. आणि तरी पैसे परत मागितले नाहीत, याची लाज अजून वाटते.

घरी येऊन रिपोर्ट वाचला. बाळाची लांबी ५८ मि.मी., एनटी १.२ मि.मी. आणि खाली: ‘बोथ ओव्हरीज नॉर्मल’, म्हणजे दोन्ही अंडाशयं ठीक.

माझी डावी ओव्हरी २०१५ मध्ये काढली आहे. गाठीला पीळ पडला होता, रात्रीतून ऑपरेशन करावं लागलं. टाक्यांची खूण आजही हाताला लागते.

फोन केला. “ताई, तो फॉरमॅटच असतो. बाळ ठीक आहे ना, मग?” नवराही म्हणाला, टायपिंगची चूक असेल. पण ओव्हरी फॉरमॅटमधली असेल, तर १.२ कुठून आला? एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी. ती जास्त भरली तर डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता वाढते, पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. तो आकडा कुणी मापलाच नसेल तर?

मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न, “फॉर्म एफ भरून घेतला का?” गरोदर बाईची सोनोग्राफी करताना हा फॉर्म भरावाच लागतो. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याचा तो भाग आहे. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, अशी त्यावर आपली सही असते, सांगितलं नाही अशी डॉक्टरांची. सेंटरचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावलेलं असतं. तिथे भिंतीवर फक्त हसऱ्या बाळांचे फोटो होते. रिपोर्टवर सहीच्या जागी नुसतं गिरगटलेलं, डॉक्टरांचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. मी ज्याला सुटसुटीत म्हणत होते ते हेच.

एनटीची वेळ ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच असते. मला १३ आठवडे ३ दिवस झाले होते. मॅडमनी स्वतः फोन करून दुसऱ्या दिवसाचा नंबर मिळवून दिला. तिथे आधार, चिठ्ठी, फॉर्म, सह्या, सगळं झालं आणि मला त्याचा पहिल्यांदाच कंटाळा आला नाही. डॉक्टर स्वतः पंचवीस मिनिटं बघत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, “डावी ओव्हरी दिसत नाहीये. ऑपरेशन झालंय का?” मला रडूच आलं. बाळ ठीक आहे.

पैशांची ओढाताण असेल तर स्वस्त पॅकेजच्या मागे जाऊ नका, सरकारी रुग्णालयात जा. गरोदर बायकांना तिथे सोनोग्राफी मोफत असते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला खास तपासणी असते. रांग मोठी असते, डबा घेऊन जा. आणि पेढा-बर्फी कुणी काढलीच तर तिथून उठा. मुलगा की मुलगी हे विचारणंही गुन्हाच आहे.

पॅकेजचे पैसे परत मिळाले नाहीत, आता तो फोनही उचलत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी विचारलं, “पैसे दिल्याची पावती?” पावती नव्हती. दोन ओव्हऱ्यांचा तो रिपोर्ट आणि २०१५ चं डिस्चार्ज कार्ड, दोन्ही जोडून दिले.